मंदाच्या सिनेमाचा शेवट

एकतीस वर्षं मी वाघोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तक हातात आलं की ते कुठल्या कपाटात जाणार हे आधी ठरवायचं, बाकीचं नंतर. दोन-तीन विषयांत पाय ठेवणारं पुस्तक आलं की माझं डोकं फिरायचं. माझ्या बायकोच्या सिनेमांबद्दल माझी तक्रार नेमकी हीच होती.

बायकोचं नाव मंदाकिनी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून जन्म काढला, बोलणं मोजकं आणि नेमकं. रडके कौटुंबिक सिनेमे तिला अजिबात चालत नसत. तिला लागायचे हिंदीत डब केलेले परदेशी सिनेमे. अंतराळयान बंद पडलंय, आत काहीतरी शिरलंय आणि उरलेली चार माणसं बंदुका घेऊन अंधाऱ्या बोळांतून पळताहेत, असले. महिन्यातून एखाद्या शनिवारी ती आणि शेजारच्या प्रेमलाताई दुपारच्या खेळाला जायच्या. साठी ओलांडलेल्या दोन बायका पर्समध्ये वेफर्स लपवून राक्षस बघायला निघाल्या की जिन्यातले लोक वळून बघायचे.

ती परत आली की मी विचारायचो, आज काय होतं, भुताटकी, मारामारी की विज्ञानाचा तास? ती म्हणायची, तिन्ही. मग धड एकही नसणार, असं म्हणून मी पेपर उघडायचो. एकदा चपला काढता काढता तिने मला विचारलं, की मी भेळ खातो तेव्हा आधी चुरमुरे, शेव आणि कांदा वेगवेगळे करून ठेवतो का. मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. लग्नाच्या चाळीस वर्षांत ही युक्ती मी बरीच वापरली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. तेव्हा तिने डॉक्टरांना सगळं खोदून खोदून विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि सगळे उपचार निमूटपणे पार पाडले. केस गेले, परत आले, ती पुन्हा शनिवारच्या खेळाला जायला लागली. आम्ही सुटलो, असं मला वाटलं.

मग या जूनमध्ये तपासणी झाली. आपल्याकडे एक पद्धत आहे. पेशंटला वजन करायला बाहेर पाठवतात आणि नातेवाइकांना आत बसवतात. मंदा बाहेर काट्यावर उभी होती तेव्हा आत डॉक्टरांनी मला आणि आमच्या मुलीला, हेमाला, सांगितलं, की तो परत आलाय, पसरलाय, आणि आता फारसं काही करण्यासारखं नाही. वेळ विचारली तर म्हणाले, दिवाळीच्या पुढचं मी बोलू शकत नाही. हेमा रडली. मग तिने तोंड धुतलं आणि मला बजावलं, आईला यातलं काही कळता कामा नये, ती खचेल. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा सोयीचं वाटलं. बाहेर येऊन मी मंदाला सांगितलं, जुन्या टाक्यांच्या जागी सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. तिने वही काढली नाही की एकही प्रश्न विचारला नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

जुलैपासून तिचं बाहेर जाणं थांबलं. हेमाने तिला सिनेमे बघायला टॅब आणून दिला. ती पलंगावर पडून बघायची. एका दुपारी मी पेज घेऊन गेलो तर टॅबवर एका परग्रहावरची मिठाची खाण चालू होती. खाणीतल्या कामगारांच्या पोटात काहीतरी वाढत होतं आणि त्यांची डॉक्टरीण, एक थकलेली प्रौढ बाई, त्यांच्या सोनोग्राफ्या बघत होती. मी पेजेची वाटी ठेवून बाहेर आलो. त्याच संध्याकाळी मी टॅब उचलला, बिघडलाय असं सांगितलं आणि कपड्यांच्या कपाटात ठेवून दिला. त्याऐवजी टीव्हीवर विनोदी नाटकं आणि कीर्तनं लावून देत गेलो. प्रेमलाताईंनाही सांगितलं, की तिच्यापुढे असले विषय काढू नका. मंदा नाटक बघायची, हसायच्या जागी हसायचीसुद्धा.

हेमा रोज संध्याकाळी फोन करून सांगायची, आई, तू फायटर आहेस. मी म्हणायचो, घाबरण्यासारखं काही नाही. असं आमचं दोघांचं वाटून घेतलेलं काम होतं आणि आम्ही ते चोख करत होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मंदा मला म्हणाली, की तो खाणीचा सिनेमा अर्धाच राहिला, निदान त्याचा शेवट तरी कुठून काढून सांगा. तिने बऱ्याच दिवसांत काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपल्यावर मी कपाटातून टॅब काढला, बुधवार पेठेतून आणलेली कानातली वायर लावली आणि स्वयंपाकघरात बसून तो सिनेमा पहिल्यापासून बघितला.

आयुष्यात मी असला सिनेमा पूर्ण बघितला नव्हता. पहिल्या अर्ध्या तासात मी दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसलो होतो. त्या वाढणाऱ्या गोष्टीची भीती वाटत होती, आणि ती बाई सूक्ष्मदर्शकातून बघून ते काय आहे हे सांगायला लागली की तेवढ्यापुरतं बरं वाटत होतं. ते सांगणं पुरेसं नाही असं दिसलं की ती कुऱ्हाड उचलत होती. लगेच पुन्हा भीती. एकातून दुसरं निघत होतं, कुठेच वेगळं काढता येत नव्हतं. जूनपासून मी कशालाही उघडपणे घाबरलो नव्हतो. तिथे, त्या ओट्याशेजारी, मनसोक्त घाबरलो. शेवटी ती बाई बाकीच्यांना वर पाठवते आणि खाणीचं दार आतून लावून घेते. ती मरते. मी पंचा तोंडावर धरून रडलो. मंदाला हे सिनेमे का आवडतात ते मला त्या दुपारी कळलं, आणि कळूनही मी करायचं तेच केलं.

चहाच्या वेळी मी तिला उशीला टेकवून बसवलं आणि शेवट सांगितला. डॉक्टरणीला औषध सापडतं, सगळे बरे होतात, यान येतं आणि ती घरी जाते. मी तिच्या म्हाताऱ्या वडिलांचा एक प्रसंगही पदरचा घातला.

मंदाने चहा संपवला, कप माझ्या हातात दिला.

"ती मरते," ती म्हणाली. "प्रेमलाताईंनी मला ऑगस्टमध्येच सांगितलंय. मला फक्त बघायचं होतं, तुम्ही निदान सिनेमाचा शेवट तरी खरा सांगता का."

मी कप खाली ठेवायचा विसरलो. ती शांतपणे बोलत राहिली. म्हणाली, तीस वर्षं लोकांचे फोन जोडले, वाईट बातमी कळवणारा माणूस नुसतं हॅलो म्हणाला तरी ओळखू यायचा. तुम्ही त्या दिवशी डॉक्टरांकडून बाहेर आलात आणि सूज म्हणालात, तेव्हाच मला कळलं. वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल.

"परत आलाय ना?"

"हो," मी म्हणालो.

"किती दिवस?"

मी दिवाळीचं सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, की डॉक्टर मला नुसते तपासण्यांचे आकडे सांगतात, हेमा नुसतं लढायला सांगते, तुम्ही नुसतं हसवता. घाबरायला मला तेवढे ते सिनेमे होते, ते पण तुम्ही कपाटात ठेवलेत.

म्हणजे तेही तिला माहीत होतं. काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"चार महिने मी रोज घाबरत होते हो," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे, याच पलंगावर, माझ्या शेजारी झोपलेले होतात."

घाबरू नकोस, असं मला त्या दिवशी म्हणता आलं नाही. मलाही भीती वाटते, असं मी तिला सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. तेव्हा ती रडली, मीही रडलो, आणि संध्याकाळी हेमाचा फोन आला तो आम्ही दोघांनीही उचलला नाही.

त्यानंतर तिला एकोणीस दिवस मिळाले. ते आम्ही मिळून घाबरत काढले. आमच्याजवळ चार महिने होते, आणि ते मी तिला भीतीपासून वाचवण्यात घालवले.