चव्वेचाळिसावा दिवस

गुड्रुनने कॅमेऱ्याची लांबलचक लेन्स कठड्याच्या लोखंडी दांडीवर टेकवली आणि श्वास रोखून धरला. समोर लव्हाळ्यातल्या घरट्यावर हंसाची मादी बसली होती. मान पाठीवर दुमडलेली, डोळे मिटलेले. नर थोडा लांब, पाण्यात फेऱ्या मारत होता. गुड्रुनने अकरा फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेतला. मनगट ठणकत होतं.

आज चव्वेचाळिसावा दिवस. घरट्यात पहिलं अंडं दिसलं त्या दिवसावर तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक आकडा घातला होता, तिथून ती रोज मोजत आली होती. छत्तीस दिवसांत पिल्लं निघतात, फार तर अडतीस, असं व्हिगो नेहमी म्हणायचा.

व्हिगो तिचा नवरा. कोपनहेगनच्या या तळ्यावर बावीस वर्षं तो हंसांचे, बदकांचे फोटो काढत आला होता. हिवाळ्यात त्याचं अर्धं अंग गेलं. तेव्हापासून तो चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळला होता आणि गुड्रुन, सत्तरीला टेकलेली, त्याला उचलत होती, कुशीवर वळवत होती, भरवत होती. सकाळी तासभर मदतनीस यायची, तेवढीच उसंत. नगरपालिकेने शुश्रूषागृहात एक खोली देऊ केली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचं. नाही म्हटलं की नाव यादीत पुन्हा तळाला. व्हिगोने एकच अट घातली होती. पिल्लं पाण्यात उतरली की जाईन, त्याआधी नाही.

आणि उद्या शुक्रवार होता.

अंडी नासली होती, दुसरं काय! बिचारी उगाच बसून होती. गुड्रुनला तिची कीव यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर रागच आला.

परतताना पुलापाशी लावलेल्या एका सायकलच्या टोपलीत बदकीण अंडी उबवत बसली होती. सायकलवाल्याने सीटवर चिठ्ठी चिकटवली होती: 'हलवू नका, बाळंतीण आहे. मी महिनाभर बसने जाईन.' येणारे-जाणारे थांबून हसत होते. एरवी व्हिगोसाठी तिने याचाही फोटो काढला असता. आज ती तशीच पुढे गेली.

चार जिने चढून ती घरात आली तेव्हा मदतनीस कोट चढवून तयारच होती. ती गेली.

"काय फोटोग्राफरीणबाई," व्हिगो म्हणाला. आजारपणात त्याचं तोंड जरा वाकडं झालं होतं, जीभ मात्र शाबूत होती. "उठल्या का राणीसाहेब?"

"नाही. चव्वेचाळीस दिवस झाले, व्हिगो. गेली ना रे अंडी?"

तिने कॅमेरा पुढे केला. त्याने धडधाकट हाताने कॅमेरा छातीवर ठेवला आणि अंगठ्याने एकेक फोटो पाहू लागला. पहिला हललेला. दुसरा हललेला. इतर वेळी 'भूकंप झाला होता का?' म्हणून तो खेकसला असता. आज मुकाट्याने त्याने अकराही फोटो पाहिले. मग कालचे, मग गेल्या आठवड्यातले. एप्रिलमधल्या फोटोंत पीस न् पीस स्पष्ट होतं. त्यानंतर दर आठवड्याला हात जास्तच हलत गेला होता.

त्याने मान वळवली. गुड्रुन कोटासकट खुर्चीत बसली होती आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता.

"गुड्रुन."

"हं? पाणी हवंय?"

"दिवस कुठून मोजलेस?"

"पहिलं अंडं दिसलं तिथून. कॅलेंडरवर आहे सगळं. का रे?"

त्याने कॅमेरा बंद करून बाजूला ठेवला.

"मग गेलीच," तो म्हणाला. "आता काय निघतंय त्यातून. फोन लाव त्यांना."

"नक्की ना?"

"बावीस वर्षं काय माशा मारल्या मी तिथे? लाव म्हणतो ना."

तिने फोन लावला. सोमवारी दहाला गाडी येईल, असं पलीकडची बाई म्हणाली. फोन ठेवल्यावर गुड्रुनला रडू कोसळलं. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"उद्या एक फोटो नीट काढून आण," व्हिगो म्हणाला. "तिथल्या भिंतीवर लावू."

दुसऱ्या दिवशी कठड्याशी एब्बे उभा होता. हा व्हिगोचा तळ्यावरचा दोस्त; दर शुक्रवारी येऊन बदकं मोजायचा.

"काय गं, डोळे सुजलेत तुझे."

"सोमवारी व्हिगोला हलवतोय. पिल्लांसाठी थांबला होता, पण अंडी नासली."

"कोण म्हणतं?"

"पंचेचाळीस दिवस झाले, एब्बे. पहिल्या अंड्यापासून मोजलेत मी."

एब्बे खो खो हसला. "पहिल्यापासून कोण मोजतं, अगं! ही बया रोज अंडं घालते का? दिवसाआड एक. सात आहेत. सातवं झालं की मग कुठे ऊब द्यायला बसते. म्हणजे पहिले बारा दिवस धरायचेच नाहीत." त्याने बोटांवर हिशेब केला. "आज तेहतिसावा. सोमवार-मंगळवारी फुटतील, बुधवारी पाण्यात."

घरट्यावर मादी सावकाश उठली. चोचीने एकेक अंडं फिरवून तिने खाली-वर केलं आणि पिसं फुगवून पुन्हा बसली. गुड्रुनच्या गळ्यातला कॅमेरा गळ्यातच राहिला.

"नवखे सगळे हेच करतात," एब्बे सांगत होता. "मीही केलं होतं. तेव्हा व्हिगोने भर तळ्यावर माझी काय लाज काढली होती! त्याला विचारायचंस की."

"विचारलं होतं," गुड्रुन म्हणाली.

"मग? काय म्हणाला?"

"फोन लाव म्हणाला."