साक्षीदार क्रमांक दोन

तिसऱ्या पानाच्या कडेला चिकटवलेली ती पिवळी चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं एकसारखी फडफडत होती — उठायची, पडायची, पुन्हा उठायची — आणि तिच्यावर वकीलबाईंनी पेन्सिलीनं काढलेला बाण दर वेळी त्याच रिकाम्या ओळीकडे वळायचा. साक्षीदार क्रमांक दोन. क्रमांक एकवर सोसायटीचे सेक्रेटरी सही करणार होते, ते शेजारच्या खुर्चीत बसून मोबाइलवर मॅच बघत होते. आणि दोनवर वनू. वनमाला. पाठची सख्खी बहीण. शाबास, बाळा राणे, शाबास! एकाहत्तराव्या वर्षी मृत्युपत्र करायला बसलास, आणि साक्षीला आणलीस कोणाला...

पण मी कुठे आणली? — आतून लगेच कोणीतरी कावलं. सुयोगनं आणली. रविवारी जेवताना पोरानंच विषय काढला. वकीलबाई म्हणतात, पप्पा, ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको, पुढे उगाच फाटे फुटतात. आणि मग वरणभात कालवता कालवता सहज म्हणाला, "आत्याला बोलवूया ना. तिला काही मिळणार नाहीये, म्हणजे ती चालते." किती सरळ बोलला! त्याच्या मनात पाप नव्हतंच, त्याला ठाऊक कुठे होतं काही. बाळाला ठसका लागला, सुनेनं पाणी पुढे केलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तिला साक्षीदार करू नका, तिचंही नाव घालायचंय — एवढंच म्हणायचं होतं, आणि तो म्हणाला काय, तर "बघ, तिला वेळ असला तर."

वेळ! दहिसरला भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, दर अकरा महिन्यांनी भांडीकुंडी बांधून दुसरं दार शोधणारी बाई — तिला भावानं बोलावलं तर वेळ नसणार होय? दोन बस बदलून ती अर्धा तास आधीच येऊन वकीलबाईंच्या ऑफिसखाली उभी होती. इस्त्रीची साडी, केसांत अबोली. बाळाला रिक्षातून उतरताना बघितलं आणि तिचा चेहराच पडला. दंड धरून बाजूला घेत म्हणाली, "दादा, तुका बरा नाय काय रे? खरा सांग. मृत्युपत्र कित्याक आताच?" त्याला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. ही हादरली होती ती भावाच्या मरणाच्या भीतीनं, आणि इथे भावाच्या मनात...

तुला आता आठवतंय सगळं, नाही का रे? इतकी वर्षं कसं बरं आठवत नव्हतं!

आठवत होतं. खोटं कशाला बोलू. मला रोज आठवत होतं. मिलमध्ये जन्म काढलेल्या बापानं भांडुपला घेतलेली दहा बाय बाराची खोली, तिच्यावर मुलाचा जेवढा हक्क तेवढाच मुलीचा. दोन हजार नऊ साली बिल्डर आला, चाळ पडणार, टॉवर उभा राहणार, आणि कागदावर एकच नाव असेल तर काम लवकर होतं असं सगळेच म्हणत होते. सगळेच बहिणींना घेऊन जात होते रजिस्ट्रार ऑफिसात. पण त्यांतल्या पुष्कळांनी घरी बसून बहिणीला निदान विचारलं होतं. बाळानं वनूला सांगितलं, "बिल्डरला सगळ्यांच्या सह्या लागतात गं. तुझा हिस्सा आहे तसाच राहतो." हक्कसोड, म्हणजे हिस्सा कायमचा सोडून देणं, हा शब्द त्यानं तोंडातून काढला नाही. वाच म्हणाला असता तर ती हसली असती — "वाचूचा काय त्येत? तू सांगतंस, बस झाला" — पण तो तेवढंही म्हणाला नाही. साहेबानं विचारलं, मान्य आहे ना बाई? तर मान डोलावून अंगठाही दिला, फोटोही काढून घेतला. घरी आल्यावर बायकोनं, रत्नप्रभानं, तिची ओटी भरली, नवी साडी दिली. वनू पाया पडली तेव्हा रत्नप्रभानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायको जाईपर्यंत दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

वनूनं मात्र एकदा काढला होता... तिचा नवरा गेला त्या वर्षी. "दादा, माझा जा काय आसा ता तुझ्याकडेच ऱ्हवांदे, माका आता नको." माझं जे काय आहे ते! तिला अजून वाटत होतं, आहे. आणि तो चहा पीत राहिला होता.

"काका, सुरू करूया?" वकीलबाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवले. जान्हवी नाव, पोरीसारखी पोर, पण कामाला चोख. फ्लॅट सुयोगला, ठेवी मुलीला, मानसीला, भावा-बहिणीत पुढे कटकट नको. दुसऱ्या पानावर तिनं घराची हकीकतही मांडली होती, मालकी स्वच्छ दिसावी म्हणून. "आधी तुम्ही सही करा, मग हे दोघं. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते."

"मग बरा," वनू म्हणाली आणि पेन उचलून तयार राहिली.

सुयोग हसला. सेक्रेटरींनी मोबाइल खिशात टाकला. आता फक्त सही करायची, बाळा. सोळा वर्षं पचवलंस, आणखी दोन मिनिटांनी कायमचं पचेल — ती स्वतःच साक्षीदार, म्हणजे तर प्रश्नच मिटला. किती सोयीचं! त्याला स्वतःचीच इतकी किळस आली की त्यानं पेन खाली ठेवलं.

"वनू, आधी वाच."

"कित्याक?"

"वाच म्हणतो ना. दुसरं पान. सगळं वाच."

"पप्पा, अहो गरज नाहीये..." सुयोग म्हणाला. बाळानं त्याच्याकडे बघितलं नाही.

"चष्मो घराकच रवलो रे," वनू ओशाळून म्हणाली. सुटलास, असं आत कोणीतरी म्हणालंच. तोवर त्यानं नाकावरचा चष्मा काढून तिच्यापुढे धरला होता. तिनं तो पदरानं पुसला, डोळ्यांना लावला, आणि ओळीखाली बोट ठेवून, शाळेत वाचायची तशी, सावकाश मोठ्यानं वाचू लागली. "...सदर जागेतील आपला वारसाहक्क... माझी बहीण वनमाला हिने... सन दोन हजार नऊमध्ये... स्वखुशीने... सोडून दिला..."

आवाज थांबला.

बाळानं डोळे ताणले. समोर नुसता एक धुरकट आकार होता. ती कागदाकडे बघत होती की त्याच्याकडे, हेसुद्धा त्याला कळेना. रडतेय? चिडलीय? ओरड गं, वनू. सगळ्यांसमोर ओरड. आजवर तो देवाजवळ एवढंच मागत आला होता, की हिला कधी कळू नये. आता तो जिवाच्या आकांतानं वाट बघत होता, की ती काहीतरी बोलेल.