उजवा गाल

"काल वर्गात काय शिकवलंस?" आईनं विचारलं. मी आठवायला लागले, तोवर बारीक सुयांचा रोलर गालावरून फिरलाही होता.

हे तिचं जुनं हत्यार. उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून गेलेला. सुई टोचायच्या आधी ती पेशंटला काहीतरी विचारायची, आणि तेही असं की आठवावं लागेल. "आठवताना माणसाचं दुखण्याकडे लक्ष नसतं," असं तिचं म्हणणं.

लहानपणी कांजण्यांच्या खपल्या मी खाजवून काढल्या, तेव्हा आई वॉर्डात दुसऱ्यांच्या मुलांच्या उशाशी होती. ते ती कधी बोलली नाही. निवृत्त झाली आणि तिनं ते व्रण भरून काढायला हा रोलर मागवला. गालावरच्या खड्ड्यांचं मला काही वाटेनासं झालं होतं, पण तिला नाही म्हणवेना. महिन्यातून एक रविवार, खिडकीपाशी स्टूल, स्पिरिटचा वास, आणि हनुवटीखाली तिची थंड बोटं.

"रस्त्याचं काम कुठवर आलं?" बाबा बाहेरून ओरडायचे.

"डावी बाजू झाली. उजवीकडे अजून खड्डेच आहेत."

"कंत्राटदार बदला!"

"या ना आत. आधी तुमच्या टकलावरून फिरवून बघते."

डावा गाल खरंच बराच भरून आला. उजवा घेतला आणि तिचा हात थरथरू लागला. एकदा रोलर घसरला, कानाखाली ओरखडा उठला. तिनं कापूस दाबून धरला. रक्त थांबलं तरी धरूनच राहिली.

"आई, पुरे झालं गं. राहू दे."

"अर्धं टाकून कशी जाऊ?"

"कुठं निघालीस?"

तिनं कापूस बदलला. तिच्या तपासणीचे रिपोर्ट तिनं माझ्याआधी वाचले होते.

दवाखान्यात नर्सला तिची शीर सापडेना. दोनदा टोचून झालं. हात काळानिळा पडला होता. तिसऱ्या वेळी मी वाकून विचारलं, "आई, तुझी पहिली ड्युटी कुठल्या वॉर्डात होती गं?"

ती छताकडे बघत आठवू लागली. सुई आत गेली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"लबाड," ती म्हणाली. मोकळा हात कसाबसा उचलून तिनं माझ्या उजव्या गालावर अंगठा फिरवला. "इथं राहिलंय अजून."

"घरी गेल्यावर करू."

"हं," ती म्हणाली. पेशंटच्या नातेवाइकांना म्हणायची, तसं.

ती गेल्यानंतरच्या एका रविवारी मी उठून बाहेर आले, तर खिडकीपाशी स्टूल मांडलेलं. बाबा रोलर स्पिरिटनं पुसत होते. चष्मा नाकावर, बाह्या वर सरकवलेल्या.

"बस," ते म्हणाले.

मी बसले. त्यांनी हनुवटी धरली, रोलर गालाजवळ आणला आणि थांबले.

"ती काय विचारायची गं?"

मी आठवू लागले. बाबांचा हात मात्र तसाच थांबून राहिला.