ढगाळ दिवशीचा तारा

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात बोईसरजवळच्या माहीम गावात, एका वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून संशोधक सुगंधा आणि तंत्रज्ञ रामकिसन एका पल्सारचे ठोके मोजत होते. रेडिओलहरींचे ठोके देणारा हा तारा एकटा आहे, की न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती फिरतोय, हे त्यांना शोधायचं होतं. जोडीदार असला तर तारा आपल्याकडे येताना ठोके दाटतात, दूर जाताना विरळ होतात.

आणि तसंच होत होतं.

"जोडीदार आहे! मुंबईला आपल्या संस्थेत कळवून टाकू," रामकिसन म्हणाला.

सुगंधाला ते पटेना. रोज सकाळी दाट, रोज दुपारी विरळ? ताऱ्याला आपल्या सकाळ-दुपारचं काय पडलंय? त्यात परवा मळभ होतं, रामकिसनही वर्कशॉपच्या कामाला बोईसरला गेला होता, आणि नेमके त्या दिवशी ठोके एकसारखे आले. रेडिओलहरी ढगांना जुमानत नाहीत. मग फरक कशानं पडला? ठोके ज्या क्वार्ट्झ घड्याळावर मोजायचे, ते लावायचं काम रामकिसनचं. नाव व्हायची घाईही त्यालाच.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. तिनं त्याला फ्यूज आणायला बोईसरला पाठवलं.

"इथं दोन पडलेत की," तो म्हणाला.

"ते जुने आहेत."

त्यानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि स्कूटरला किक मारली.

ती घड्याळापाशीच बसून राहिली. दुपारी पत्रा तापला, आणि ठोके पुन्हा विरळ झाले. घड्याळाला कुणाचा हात लागला नव्हता. तिला शरम वाटली, पण घड्याळावरचा संशय काही जाईना. तिनं घड्याळाच्या पेटीवर तळवा टेकला. चटका बसला.

सकाळी ती वाडीच्या मालकीणबाईंकडे, जमुनाबाईंकडे गेली. "तुमच्या माठांशेजारी गारव्याला घड्याळ ठेवू?"

"ठेवा की. आमी नाय हात लावनार."

केबल खिडकीतून स्वयंपाकघरात नेली. त्या दुपारीही ऊन तसंच होतं, पण ठोके अगदी एकसारखे आले. उन्हानं घड्याळच चुकत होतं.

रामकिसननं ठोक्यांचा नवा आलेख जुन्याशेजारी ठेवून पाहिला. "म्हणजे तारा एकटाच."

"हो."

"मग काल मला कशाला पाठवलंत?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. "घड्याळात तुम्हीच काही करताय असं वाटलं मला."

त्यानं आलेखाची घडी घातली. पावसाळ्यापर्यंत दोघांनी आणखी तारे तपासले, भांडण असं कधी झालं नाही. फक्त घड्याळ लावायची वेळ आली की तो आधी तिला हाक मारायचा, आणि ती येईपर्यंत हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.