चॉकलेटची लोकर

माणूस सुट्टीत स्वतःच्या शोधात बाहेर पडतो असे म्हणतात. आम्ही एका डाव्या बाहीच्या शोधात पडलो.

स्वेटर माझा. पाठ, पोट, गळा आणि उजवी बाही दोन वर्षांत विणून झाली होती आणि लोकर संपली होती. माझ्या बायकोने आजवर एकही स्वेटर पुरा केला नाही, हे माझी थोरली बहीण चारचौघांत सांगत असे. शेवटी पैज लागली. सुट्टी संपायच्या आत स्वेटर झाला नाही, तर बायकोची सुयांची लाकडी पेटी ताईची. पेटी बायकोच्या आईची होती, त्यामुळे घरात कुणी हसत नव्हते. सुट्टीचे तीन दिवस उरले होते.

सकाळी आठला आम्ही गाडी काढली. लोकर मिळताच विणायला बसायचे म्हणून बायकोने पेटीही बरोबर घेतली. ताईही आली, देखरेखीला.

पहिल्या दोन दुकानांत तपकिरीच्या चाळीस छटा होत्या आणि बायकोने चाळीसही बाहीला लावून पाहिल्या.

"अगं, अंधारात कोण बघतंय?" मी म्हणालो.

"तुम्ही गाडी चालवा."

तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने बाही नाकाशी नेली, हुंगली आणि म्हणाला, "ही रंगवलेली नाही. जशी मेंढी तशी लोकर. मीच विकली होती, जत्रेतल्या स्टॉलवर. अख्खा माल एकाच मेंढीचा, चॉकलेट तिचं नाव. पुलापलीकडचं फार्म."

"जिवंत आहे?" बायकोने विचारले. माझ्या तब्येतीची चौकशीही तिने इतक्या काळजीने कधी केली नाही.

"परवापर्यंत तरी होती."

पुलापर्यंत गाडीत कुणी श्वास घेतला नसावा. ताई तर पैज विसरून "दाब की जरा!" म्हणून माझ्या खांद्यावर बुक्के मारत होती. फार्मवर पोचताच दोघी फाटक उघडायची वाट न बघता कुंपणावरून गेल्या. ताईची एक चप्पल अलीकडेच राहिली.

"चॉकलेट!" बायको कुरणभर ओरडत सुटली. साठेक मेंढ्यांनी माना वर केल्या. एकीने केली नाही. ती डबक्यात बसली होती, कानापर्यंत चिखलात.

"तीच ती," फार्मवाल्या बाई हसल्या. "नावाला ओ देत नाही."

बायकोने तिला चिखलासकट मिठी मारली. ताईने फोटो काढले. मीही उगाचच टाळ्या वाजवल्या.

"गेल्या महिन्यातच भादरली," बाई म्हणाल्या. "सूतही काढून ठेवलंय. किती गुंडे हवेत?"

"दोन! नाही, तीन! ताई, परवा रात्रीपर्यंत बाही होते की नाही बघा!"

"मी गुंडा धरून बसते तुझ्याशेजारी," ताई म्हणाली. असे ती आमच्या लग्नापासून कधी बोलली नव्हती.

बाई माळ्यावरून टोपली घेऊन आल्या. बायकोने एक गुंडा उचलून बाहीशेजारी धरला. मग उजेडात नेऊन धरला. मग दुसरा.

गुंडे राखाडी होते.

"दोन वर्षांपूर्वीची दिसतेय तुमची लोकर," बाई बाहीवरून बोट फिरवत म्हणाल्या. "तेव्हा गडद होती ती. आता सात वर्षांची आहे. गडद मेंढ्या वयाबरोबर फिक्या पडतात."

बायकोने गाडीत बसल्यावर पेटी ताईच्या मांडीवर ठेवली. ताईने ती परत सरकवली. बायकोने पुन्हा ठेवली. असे पुलापर्यंत चालले.

शेवटी पेटी ताईकडे गेली.