सासऱ्यांचा पितळी नॉब

आमचे सासरे कारखान्यात टर्नर होते. लेथवर केसाइतका फरक बोटांनी ओळखणारा माणूस. घरी त्यांना एकच नाद, हौशी रेडिओचा. दर रविवारी सकाळी आठला ते आणि दूरच्या गावातला त्यांचा जुना मित्र रेडिओवर गप्पा मारायचे. चाळीस वर्षं हे चाललं होतं.

जुना सेट बंद पडला तेव्हा मी, म्हणजे सॉफ्टवेअरवाली सून, पुढे सरसावले. एक छोटासा डबा कॉम्प्युटरला जोडून दिला. त्याला नॉब एकही नाही. पडद्यावर सगळी स्टेशनं रेघांसारखी दिसतात, माऊसचं चाक फिरवलं की हवं ते लागतं. मी भरपूर भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू? त्यांनीही तोंडभरून कौतुक केलं.

तिसऱ्या रविवारी ते रेडिओपाशी बसलेच नाहीत. सासूबाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, मित्राचा आवाज त्यांना बदकासारखा ऐकू येत होता. कितीही चाक फिरवलं तरी साफ होईना. कान गेले, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. रेडिओचं लायसन्स परत करायचं पत्रही लिहून ठेवलं होतं. माझ्या यंत्रावर मात्र त्यांनी चुकूनही संशय घेतला नाही.

मला वाटलं, माऊसची सवय नाही, एवढंच. म्हणून कॉम्प्युटरला जोडायचा एक फिरता भाग आणला आणि त्यावर बसेल असा नॉब करून द्या, असं त्यांनाच म्हटलं. त्यांचा जीव रमावा, इतकाच हेतू. जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमधून त्यांनी पितळेचा असा काही नॉब करून आणला, की माझ्या हातातून तो सुटेना. एका बोटाने ढकलला तर अलगद फिरायचा, थांबवला तिथे तसूभरही हलायचा नाही. माणूस काय चीज आहे, ते मला तेव्हा समजलं.

तो जोडायला मी सेटिंग उघडलं आणि माझीच चूक समोर आली. चाकाची एक टिचकी म्हणजे पाचशे हर्ट्झची उडी. मीच ठेवली होती, स्टेशनं झटपट बदलावीत म्हणून. मित्र बिचारा दर वेळी दोन उड्यांच्या मध्ये अडकत होता. नॉबची पायरी मी दहा हर्ट्झची केली.

रविवारी त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून नॉब फिरवत गेले. आधी बदक, मग जरासा माणूस, आणि बोटं थांबली तिथे आवाज स्वच्छ. मित्राचं बोलणं संपेपर्यंत ते कान देऊन ऐकत राहिले. मग माईक उचलला.

"काय रे, आज कवळी लावली नाहीस वाटतं?"

पलीकडे मित्र खो खो हसत सुटला. कवळी बाथरूममध्येच राहिली होती म्हणे.

मला राहवलं नाही. तिथेच उभ्या उभ्या मी त्यांना पाचशेचा घोळ सांगून टाकला. त्यांनी माईक खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"महिनाभर मला उगीच म्हातारं केलंस, पोरी."