ऑगस्टात लाल झालेला मेपल

आयडेला हार्टझलरच्या दारातला मेपल ऑगस्टच्या दहा तारखेला लालभडक झाला, आणि रविवारी चर्च सुटल्यावर सगळं मिलरटन तिच्या अंगणात येऊन बसलं. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या, बटाट्याचं सॅलड आणलं, बर्फात घातलेली पेयं आणली. चमत्कार उपाशीपोटी बघू नये, एवढी अक्कल ओहायोत सगळ्यांना आहे.

बाकीचं गाव हिरवंगार होतं. मेपल रंगायला अजून दीड-दोन महिने अवकाश होता. लाल झालेली झाडं फक्त पाच, आणि पाचही ब्रदर एल्डनचा हात लागलेली. गळलेली पानं लोक बायबलात ठेवत होते, दुखऱ्या गुडघ्याला बांधत होते. रॉस येकलीने तर बंद पडलेल्या गवत कापायच्या यंत्रावर पान ठेवलं आणि यंत्र सुरू झालं. त्याआधी त्याने टाकीत पेट्रोल भरलं होतं, पण ते सांगायचं राहून गेलं.

ब्रदर एल्डन पूर्वी चाकांवरची घरं विकायचा. आता तो झाडांच्या कानात देवाचा शब्द सांगायचा. मे महिन्यात मिलरटनमध्ये जो तो आपापल्या झाडाच्या बुंध्याभोवती सालीचा भुसा रचतो. ज्याचा ढीग उंच, त्याची माया जास्त, असा इथला हिशेब. ब्रदरने या पाच घरी तो ढीग स्वतःच्या हाताने, एकट्याने, सगळ्यांना घरात प्रार्थनेला बसवून रचला होता. वर बजावलं होतं, बर्फ पडेपर्यंत भुशाला हात लावू नका, शब्द सांडेल.

आयडेलाला त्याने आणखी एक सांगितलं होतं. झाड लाल झालं की समजायचं, तुमच्या हृदयाचं दुखणं त्याने अंगावर घेतलं. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. गुरुवारी कोलंबस शहरात शस्त्रक्रिया ठरली होती, आणि सोमवारी सकाळी फोन करून ती रद्द करायची असं तिने भावाला सांगून टाकलं होतं.

भाऊ म्हणजे वेंडेल. हायस्कुलात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, आणि अजूनही वर्गात पाऊल टाकताना घाबरावं तसा चारचौघांत घाबरणारा. त्याने बहिणीला समजावून पाहिलं होतं. ती म्हणाली होती, तू जन्मभर मेलेले बेडूक चिरलेस, जिवंत गोष्टीतलं तुला काय कळतं? ते त्याला पटलंही होतं थोडंसं.

पण शुक्रवारी त्याला स्वतःच्या परसातल्या लहानशा मेपलची एकच फांदी लाल दिसली. तिला कुणी शब्द सांगितला नव्हता. रोपवाटिकेतून आणताना नावाचा बिल्ला जिच्यावर होता, तीच ही फांदी. बिल्ला कधीच उडून गेला होता, पण त्याची तार सालीत रुतून बसली होती. वेंडेलने दोन दिवस पुस्तकं उलटली. आपण चुकत असू, असं दर पानाला वाटलं. तरी रविवारी तो खिशात खुरपं घालून आला.

"ब्रदर," तो हळूच म्हणाला, "कुंपणाजवळचा तो सुईसारख्या पानांचा स्प्रूस लाल करून दाखवाल का?"

ब्रदर हसला. स्प्रूसची जातच अविश्वासू, तो म्हणाला. हिवाळा आला तरी पानं सोडत नाही. जो सोडत नाही, त्याच्या पदरात कृपा पडायची कशी? गर्दी ‘आमेन’ म्हणाली आणि सॅलडचं भांडं पुढे सरकलं.

वेंडेल भुशाच्या ढिगाजवळ गुडघ्यावर बसला. तेव्हा मात्र ब्रदरचा आवाज चढला. शब्द सांडला तर या बाईच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर नाही, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वेंडेलचा हात थांबला. समजा, आपणच चुकलो तर?

"आयडेला," तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तर मी घरी जातो."

"उकर," ती म्हणाली. "शब्द खरा असेल तर तुझ्या खुरप्याला भिणार नाही."

वीतभर खोलीवर ओल्या, कुजक्या सालीत तार लागली. बुंध्याभोवती आवळलेली, टोकांना पीळ दिलेली.

ब्रदर म्हणाला, ते कृपेचं कंकण आहे.

"कंकण पक्कडीने पिळतात होय?" गर्दीतली डार्ला यूटझी म्हणाली, आणि खुर्च्यांवरून पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मग वेंडेल वर्गात बोलायचा तसा, कुणाकडेही न बघता बोलला. पानं साखर बनवतात. ती सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. साल आवळली की वाट बंद. साखर पानांतच साठते आणि मेपलची पानं वेळेआधी लाल होतात. खाली मुळं मात्र उपाशी राहतात. "याने तुझं दुखणं घेतलेलं नाही, आयडेला. याला फास बसलाय."

रॉस खुर्ची तशीच टाकून घरी पळाला. उरलेल्या चारही झाडांखाली तारा निघाल्या. तोवर ब्रदरची गाडी हमरस्त्याला लागली होती, आणि लोक एकमेकांना सांगत होते की आपल्याला पहिल्यापासून संशय होता.

अंगण रिकामं झाल्यावर आयडेलाने विचारलं, "हे जगेल?"

"तार काढली. पण वसंतापर्यंत सांगता येणार नाही."

"आणि मी?"

"तेही मला माहीत नाही," वेंडेल म्हणाला. "पण डॉक्टर उघडून बघू म्हणतोय. झाकून ठेवा म्हणत नाही."

सोमवारी तिने रद्द करायचा फोन केला नाही. गुरुवारी पहाटे पाच वाजता ती पिशवी भरून पायरीवर बसली होती, आणि वेंडेलला पाच मिनिटं उशीर झाला म्हणून त्याच्यावर खेकसली.

वाचकहो, तुमच्या दारात झाड असेल तर त्याचा बुंधा उघडा ठेवा. मुळं जिथे फाकतात ती जागा दिसली पाहिजे. आणि कुणी कुठल्याही गोष्टीबद्दल सांगितलं की विश्वास ठेवा पण हात लावू नका, तर अदबीने खाली बसा आणि आधी तिथेच उकरा.